बंदर गेलं, काठ राहिला

मुंबईत मस्जिद स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालू लागलं की दाणा बंदर येतं. बंदर म्हणावं असं तिथे आज काही दिसत नाही. गोदामं आहेत, हातगाड्या आहेत, ट्रकांची दाटी आहे. समुद्र रुळांच्या आणि भिंतींच्या पलीकडे गेला आहे. कोकणपट्टीतून गलबतांनी येणारं धान्य या भागात उतरायचं, तेव्हा इथली घाऊक पेठ मुंबईचं पोट भरत होती. पुढे ती पेठही खाडी ओलांडून तुर्भ्याला गेली. मागे राहिली पाण्यालगतची जमीन, आणि आता सगळ्यांचा डोळा तिच्यावर आहे.

त्या गलबतांचं दुसरं टोक रायगडात होतं. पेणजवळचं अंतोरा बंदर, अंबा नदीच्या खाडीवरचं धरमतर, तिच्यावरच आणखी आत असलेलं नागोठणे आणि कुंडलिकेवरचं रोहा-अष्टमी. समुद्र या गावांपासून बराच लांब, पण भरती थेट पेठेच्या दारापर्यंत यायची. उधाणाच्या दिवसांत मोठी गलबतं आत शिरत, भांगाच्या दिवसांत लहान पडावांवर भागवावं लागे. भरतीबरोबर यायचं, माल उतरवायचा, भात आणि मीठ भरायचं आणि ओहोटीबरोबर निघायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबई ते धरमतर आगबोट सुरू झाली. मग महाड-पोलादपूरकडचा माणूससुद्धा मुंबईहून धरमतरला उतरून पुढे बैलगाडीने घर गाठू लागला. पेण-रोह्याच्या वखारी आणि सावकारी पेढ्या या पाण्यावर उभ्या राहिल्या.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. खाड्या गाळाने भरत गेल्या, रस्ते सुधारले, ट्रक आले. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली आणि पुढे इथूनच कोकण रेल्वेचा मार्ग सुरू झाला. तोवर धक्क्यावरच्या वखारी ओस पडू लागल्या होत्या. पेण तालुक्यातल्या मिठागरांचंही असंच झालं. गुजरातचं मीठ रेल्वेने देशभर स्वस्तात जाऊ लागलं. पावसाळ्याचे चार महिने बंद राहणाऱ्या, हाताने राबवल्या जाणाऱ्या इथल्या आगरांना त्याच्याशी टक्कर देणं जमलं नाही.

खाडी रिकामी झाली असं मात्र म्हणता येत नाही. पेण तालुक्यातल्या डोलवीला गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पोलाद कारखाना आला. आधी निप्पॉन डेन्रो, मग इस्पात आणि २०१० नंतर जेएसडब्ल्यू, अशी त्याची नावं बदलत गेली. खोल समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवरचा कोळसा आणि लोहखनिज बार्जमध्ये उतरवतात आणि ते बार्ज धरमतरच्या खाडीतून कारखान्याच्या जेट्टीला लागतात. तिकडे कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, साळावचा स्पंज आयर्नचा कारखाना आहे. आधीचं विक्रम इस्पात, आता तेही जेएसडब्ल्यूकडे. पाण्यावरची वाहतूक वाढली म्हणावी इतकी आहे. फरक इतकाच की पूर्वी धक्का गावाचा होता, आता तो कंपनीच्या फाटकाआड आहे.

आणि आता काठांसाठी तिसरं गिऱ्हाईक आलं आहे, ते म्हणजे घरं.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने कर्नाळा-साई-चिरनेर परिसरासाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे एमएमआरडीएची, नेमणूक केली. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली १२४ गावं, क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. वर्तमानपत्रांनी त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणायला सुरुवात केली. त्याआधीच, २०१९ मध्ये, मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून पेण आणि अलिबाग तालुक्यांचे उरलेले भागही तिच्यात घेतले गेले होते. म्हणजे कागदोपत्री पेण आता महानगरात आहे. रोहा हद्दीबाहेर असला तरी नगरापासून लांब नाही. अशा वेळी पाण्याकाठच्या जुन्या उद्योगाच्या जागेचं पुढे काय करायचं, हा प्रश्न लंडन-हॅम्बुर्गसारख्या परदेशी बंदरशहरांचा राहत नाही. तो इथल्या ग्रामसभेचा होतो.

पेणकरांना हे अगदी नवीन नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी याच तीन तालुक्यांतल्या ४५ गावांमधली सुमारे दहा हजार हेक्टर जमीन मागितली गेली, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचं मत अजमावलं होतं. जमीन द्यायची की नाही, हे भारतात जमीनमालकांना मतपेटीतून विचारलं जाण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या वर्षी भूसंपादन बारगळलं. त्या वेळी कारखाने येणार म्हणून जमीन मागितली जात होती, आता शहर येणार म्हणून.

पाण्याकाठच्या जुन्या जमिनीवर नवं शहर वसवण्याचा मुंबईचा अनुभव जुना आहे आणि त्यातला एक भाग चांगलाही आहे. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खुली झाली. ती खणताना निघालेली माती आणि खडक शेजारच्या उथळ पाण्यात टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या दगडी इमारती, रुंद फूटपाथ, झाडं. वास्तुरचनेची मुख्य सूत्रं जॉर्ज विटेट यांच्या हाती होती. गोदी चालवणाऱ्या मुंबई पोर्ट ट्रस्टनेच, म्हणजे १८७३ साली स्थापन झालेल्या संस्थेने, हे केलं. जमीनही तिची, आराखडाही तिचा आणि घाई कोणालाच नव्हती. शंभर वर्षांनंतरही तो भाग मुंबईतल्या सर्वांत नीटनेटक्या भागांपैकी एक आहे.

गिरण्यांच्या जमिनीचं नशीब असं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने एक साधी वाटणी ठरवली: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारत पाडून जी मोकळी होईल ती हिशेबात नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. नियमातल्या एका खुलाशाने शेकडो एकरांची दिशा बदलली. लोअर परळला मॉल आणि मनोरे उभे राहिले. वस्त्रोद्योगाचं संग्रहालय काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात व्हायचं होतं, ते वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं.

या गोष्टीचा एक धागा थेट रायगडात येतो. गिरणी कामगारांना घरं द्यायची, पण गिरणीच्या जमिनीवर पुरेशी जागा उरलेली नाही. म्हणून २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन गावातली २,४१७ घरं त्यांच्या नावे निघाली. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या योजनेतल्या दोन-दोन छोट्या खोल्या जोडून केलेली ही घरं. ताबा मिळायला वर्षं गेली. मधल्या काळात करोनाची साथ आली आणि इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. परळमधल्या जमिनीवर ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्या वाट्याला कोन आलं. तिसऱ्या मुंबईच्या आराखड्याकडे बघताना हा हिशेब डोळ्यांपुढे असावा. जमीन एकीकडे मोकळी होते आणि तिच्यावर राबलेल्यांची घरं दुसरीकडे निघतात. असं होऊ नये यासाठी वाटणीचा नियम आधी ठरावा लागतो, आणि तोही पुढे खुलासा जोडून पातळ करता येणार नाही अशा शब्दांत.

पूर्व किनाऱ्याचं काय? १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदराचं बरंचसं काम तिकडे गेलं. ससून डॉक (१८७५) आणि प्रिन्सेस डॉक (१८८०) यांच्या काळापासून जमत आलेली वडाळ्यापर्यंतची जमीन अर्धी वापरात, अर्धी पडून, अशी झाली. २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टला सुमारे ९६६ हेक्टरांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण करून आराखड्याचा मसुदाही आला. प्रत्यक्षात जे दिसतं ते तुकड्यातुकड्याने आलेलं: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून, क्रूझसाठीची सोय, काही रस्ते. दारुखान्यात आजही जुनी जहाजं तोडली जातात आणि रे रोडच्या वस्त्या आहेत तशाच आहेत. दारुखान्यासारख्या जमिनीत तेल, रंग आणि ॲस्बेस्टॉस दशकानुदशकं मुरलेलं असतं. तिथे घरं बांधण्याआधी माती साफ करावी लागते. तो खर्च कोणी उचलायचा यावर जगभर भांडणं होतात आणि तो बहुतेक ठिकाणी शेवटी सरकारच्या गळ्यात पडतो.

आता रोहा.

रोह्याची कुंडलिका ही महाराष्ट्रातली एक विचित्र नदी आहे. ऐन उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, कारण ते सह्याद्रीच्या पलीकडून येतं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली पडतं आणि कुंडलिकेला मिळतं. केंद्र १९२७ सालचं, टाटांचं. त्याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. वीज बनवायची तेव्हा पाणी सुटतं, म्हणून कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून राफ्टिंग चालतं. तिथून पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावर पाणी अडवून ते कालव्यांना आणि कारखान्यांना दिलं जातं. या पाण्यामुळेच रोह्याला लागून धाटावची एमआयडीसी आली. तिच्यात मुख्यतः रसायनांचे कारखाने आहेत. त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने खाली आरे खुर्दजवळ खाडीत सोडलं जातं आणि तिथल्या मच्छीमारांच्या तक्रारींना अनेक दशकांचा इतिहास आहे.

म्हणजे एकच नदी वर राफ्टिंगची, मधे कारखान्यांची आणि खाली कोळ्यांची. मधल्या रोहा शहरात नदीकाठाचं सुशोभीकरण झालं. कुंडलिका नदी संवर्धन प्रकल्प या नावाने नगरपरिषदेने काठ बांधून घेतला आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे गर्दी होऊ लागली. नावातच रोहा आणि अष्टमी अशी दोन्ही तीरांवरची गावं असलेली ही नगरपरिषद. नदीकडे पाठ करून बसलेली पेठ पुन्हा तिच्याकडे तोंड करून बसली, हे मान्य करायला हवं. ज्या काठावर पूर्वी भाताची पोती उतरत तिथे आता मुलं सायकल शिकतात. लहान गावासाठी ही थोडी गोष्ट नाही.

पण अशा प्रकल्पांच्या कौतुकात एक गोष्ट नेहमी सुटते. काठावर बाक किती, दिवे किती हे मोजलं जातं. होडी ओढायला उतार आहे का, जाळी वाळत घालायला जागा आहे का, हे विचारलं जात नाही. अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे काठ बांधताना नदीतली दहा हजारांहून जास्त कुटुंबं हलवावी लागली आणि पात्रात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे, हे तेवढ्याच वेळा सांगितलं जात नाही. रोह्याचं पाणीही दुसरीकडचंच आहे. फरक असा की इथे अजून कोणाला हलवायची वेळ आलेली नाही. इथे खरा प्रश्न नदीच्या मापाचा आहे. डोलवहालला कुंडलिकेची इशारा पातळी २३ मीटर आणि धोक्याची पातळी २३.९५ मीटर आहे. जुलै २०२१ सारख्या पावसात ती ओलांडली जाते आणि रोह्याच्या काठावर पाणी चढतं. पूर येतो त्या जागी बाग असली तर चिखल धुऊन ती पुन्हा वापरता येते. घराच्या बाबतीत तसं होत नाही. काठावर बाग झाली आणि मनोरे झाले नाहीत, हे रोह्याचं सुदैव आहे. त्याला पुढे धोरणाचं रूप देता आलं तर उत्तम.

संस्कृतीच्या बाबतीत रोहा उपाशी नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं घराणं रोह्याचं आणि त्यांच्या नावाचं सभागृह शहरात आहे. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले रोह्यात जन्मले. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात आणि ती बघायला गाव लोटतं. त्यामुळे ‘रोह्याला सांस्कृतिक केंद्र द्या’ अशी मागणी वरून लादायची गरज नाही. जे आहे त्याला नदीकाठी मोकळी, छप्पर असलेली, भाडं परवडणारी जागा मिळाली तर पुरे.

पेणची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे, कारण पेणचा काठ मुळात समुद्राकडून उसना घेतलेला आहे. वाशी, वढाव, शिर्की, मसद, नारवेल, बेनवले ही खारेपाटातली गावं. इथली भातशेती उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहे. बाहेरून मातीचे बांध, त्यांत उघाड्या: पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर जावं आणि भरतीचं खारं आत येऊ नये, अशी दारं. बांधांची देखभाल पूर्वी गावकऱ्यांचं जोळ करायचं. ज्यांची शेतं त्या बांधाआड, ते सगळे मिळून माती टाकायचे आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की रात्री-अपरात्री धावायचे. स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी कायद्याने सरकारी खात्याकडे आली आणि जोळ विरत गेलं. खांडी पडत राहिल्या आणि त्या बुजायला उशीर होऊ लागला. खारं पाणी शेतात शिरून दोन-चार वर्षं राहिलं की तिथे कांदळवन उगवतं. कांदळवनाला २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने भक्कम संरक्षण आहे, सभोवती पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. पर्यावरणाच्या दृष्टीने निकाल चांगलाच. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर तिवरं, त्या शेतकऱ्याची अवस्था धड ना इकडची ना तिकडची. असा शेतकरी बिल्डरला जमीन विकायला तयार होतो तेव्हा त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. तो बांध आधी कोणी राखला नाही, हे त्या वेळी कोणी बोलत नाही.

अशा जमिनीवर घरं बांधायची रूढ पद्धत म्हणजे मुरूम आणून भराव टाकणं. एक प्लॉट दोन मीटर उंच झाला की त्याच्या वाटणीचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. उघाडीकडे जाणारा नाला भरावाखाली गेला की सगळा खारबांध आतून तुंबतो. आधी बाहेरून येणाऱ्या पाण्याची भीती होती, मग आतल्या पाण्याची होते. मुंबईच्या कित्येक उपनगरांचा पावसाळा याच मार्गाने बिघडला.

जर्मनीतलं हॅम्बुर्ग याच अडचणीतून गेलं. एल्बे नदीवरच्या जुन्या बंदराच्या १५७ हेक्टरांवर हाफेनसिटी हे नवं नगर उभं राहत आहे. ती जागा शहराच्या मुख्य पूरभिंतीच्या बाहेर येते. पूरभिंत वाढवत नेण्याऐवजी त्यांनी इमारतींची जोतीच समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीवर घेतली, रस्ते आणि पूलही त्याच उंचीवर. खालचे धक्के मात्र पाण्यालगत तसेच ठेवले. पूर आला की धक्के बुडतात, वाहनतळांचे पोलादी दरवाजे बंद होतात आणि वर माणसं कामावर जात राहतात. कोको, चहा, तंबाखू साठवायचं विटांचं जुनं गोदाम पाडलं नाही. त्याच्या डोक्यावर काचेचं संगीतगृह बांधलं. २०१७ मध्ये एल्बफिलहार्मोनी खुलं झालं, ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा आणि कितीतरी महाग पडून. पेणला तेवढे पैसे नाहीत आणि तशा संगीतगृहाची गरजही नाही. घेण्यासारखी आहे ती जोत्याची उंची. सगळ्या वस्तीची उंची एकदम ठरते, प्लॉटगणिक नाही, आणि पाणी कुठून जाणार हे बांधकामाआधी नकाशावर आखलेलं असतं.

पाण्याचा आणखी एक हिशेब पेणला रोज टोचतो. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जातं. खारेपाटातल्या गावांत मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे लाखो माणसांचं नगर वसवायचं म्हणणाऱ्यांनी आधी वढावच्या नळाला पाणी कधी येईल याची तारीख द्यावी. हे टोमण्यासाठी म्हटलेलं नाही. नियोजनाचा क्रमच तो आहे.

आणि संस्कृती? पेणमध्ये ती कारखान्यातच असते. पेणमध्ये ‘कारखाना’ म्हटलं की आधी गणपतीचाच कारखाना डोळ्यांपुढे येतो. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात. शाडू गुजरातहून येतो, मूर्ती मुंबई-पुण्याला आणि परदेशात जातात. प्लास्टर की शाडू हा वाद न्यायालयात चालू राहतो, पण जागेचा प्रश्न दोघांनाही सारखाच. कच्च्या मूर्तीला ओल चालत नाही, रंगवलेल्या मूर्तीला धूळ चालत नाही आणि दोन्हींना भरपूर जागा लागते. हंगाम जवळ आला की राहत्या घराच्या ओटीपासून प्लॅस्टिकच्या कापडाखालच्या मांडवापर्यंत सगळीकडे मूर्ती असतात. भोगावती नदीला किंवा खाडीला पाणी चढलं की पहिली धावपळ त्या वर उचलून ठेवायची.

अशा गावात धक्क्याकाठच्या जुन्या वखारींचा सांस्कृतिक उपयोग शोधायला कोणी सल्लागार कंपनी नेमायची गरज नाही. उंच जोत्याच्या, हवेशीर, दीर्घ मुदतीने कलाकारांच्या सहकारी संस्थांना दिलेल्या शेड हव्यात. शेजारी शिकाऊंसाठी जागा, आणि पर्यटकाला मूर्ती घडताना बघता येईल अशी एक गॅलरी. कोचीत असं घडलं आहे. फोर्ट कोचीला पाण्यालगत ॲस्पिनवॉल हाऊस नावाचं एकोणिसाव्या शतकातलं व्यापारी आवार आहे. तिथून मसाले, काथ्या, खोबरेल जायचं. व्यापार संपला, आवार एका बांधकाम कंपनीकडे गेलं आणि बरीच वर्षं पडून राहिलं. १२ डिसेंबर २०१२ ला कोची-मुझिरिस बिएनालेने तेच आपलं मुख्य ठिकाण केलं. भिंतींचं पापुद्रे सुटलेलं चुनकाम तसंच ठेवलं, गोदामांत चित्रं आणि मांडणशिल्पं लागली. फोर्ट कोचीची घरं-हॉटेलं त्यानंतर महाग झाली हेही खरं, आणि जागा मालकीची नसली की दर वेळी परवानगीच्या मागे लागावं लागतं हेही तिथेच दिसलं. मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामात असंच कलाप्रदर्शन भरलं होतं. बाजूला कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं काम चालू, आत तरुणांची रांग. दोन महिन्यांनी ते आटोपलं.

पेणला दोन महिन्यांचा उत्सव उपयोगाचा नाही, बारमाही छप्पर उपयोगाचं आहे. जेट्टीजवळ जिताडा माशाचा बाजार भरला तर आणखी बरं. खारेपाटातल्या तळ्यांत वाढवलेला जिताडा ही या मातीची खरी ओळख. एकेकाळी साहेबाकडचं अडलेलं काम जिताडा पोचवला की सुटायचं, अशी विनोदाने दिलेली साक्ष आजही गावोगाव ऐकू येते.

अडचण जागेची तेवढी नाही, मालकीची आहे. लहान बंदरं १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मिठागरांचा मोठा भाग केंद्राच्या मीठ खात्याच्या दाव्यात, खारबांध खारभूमी खात्याकडे, कांदळवन वन विभागाकडे, शहराची हद्द नगरपालिकेकडे आणि आता वरून एमएमआरडीए. मुंबईत मिठागराची जमीन घरांसाठी वापरायची ठरली, ती २०२४ मध्ये धारावी पुनर्वसनासाठी. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर जमीन केंद्राकडून राज्याकडे यायला मंत्रिमंडळांचे निर्णय लागले आणि पावसाचं पाणी मुरण्याची जागा बुजवू नका म्हणून विरोधही झाला. पेणला अशी घाई करायचं कारण नाही. इथे धारावी रिकामी करायची नाही, आणि सखल मिठागर तसंच पाण्याला सोडून मागच्या उंच जमिनीवर घरं बांधण्याइतकी जागा तालुक्यात आहे.

आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या जातात. तेव्हा लोक बहुतेक आपल्या गट नंबरावरून जाणारा रस्ता हलवा एवढंच लिहितात. त्यात खाडीकाठच्या गावांनी दोन ओळी जास्त लिहायला हरकत नाही: प्रत्येक जुन्या बंदराला सार्वजनिक धक्का राखीव ठेवा, आणि मांडव्याला येणारी बोट धरमतरपर्यंत आणण्याचा अभ्यास करा. कोळशाचे बार्ज त्या पाण्यातून रोज जातात, म्हणजे पुरेशी खोली आहे. रस्त्यावर वडखळच्या नाक्याला दर सुट्टीत लागणारी रांगही सगळ्यांना ठाऊक आहे.